बॅटरी घरी चार्ज करताना खरा धोका केव्हा असतो?

गाडी बरेच दिवस उभी राहिली, आतला दिवा चालूच राहून गेला किंवा रोजच्या फेऱ्या अगदी जवळच्या अंतराच्या झाल्या, की एखाद्या सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन चालू होत नाही. अशा वेळी बॅटरी घरच्या चार्जरला लावणे हा सोपा उपाय आहे आणि नीट केला तर तो सुरक्षितही आहे. मात्र त्याविषयीच्या सूचना बहुतेकदा कारण न देता सांगितल्या जातात. लाल क्लिप आधी लावा, काळी नंतर लावा, खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका, एवढे बहुतेकांच्या कानांवर आलेले असते. पण कारण ठाऊक नसलेला नियम घाईच्या वेळी सर्वात आधी मोडला जातो. बहुतेक जण चार्जर जोडताना जपून वागतात, पण बॅटरी भरली की निर्धास्त होतात आणि चालू चार्जरच्या क्लिपा तशाच ओढून काढतात. वास्तविक जोडण्याच्या क्षणापेक्षा काढण्याचा क्षण अधिक जोखमीचा असतो. असे का, हे एकदा समजले की बाकीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

बॅटरीच्या आत काय घडते

वाहनांतली नेहमीची बॅटरी शिसे आणि आम्ल यांच्या परस्परक्रियेवर चालते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये अशी पहिली बॅटरी तयार केली आणि नंतर तिची घडण कितीही सुधारली असली, तरी आतली मूळ रासायनिक क्रिया आजही तीच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. पूर्ण भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो आणि सहा सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे एकूण व्होल्टेज १२.६ ते १२.७ च्या आसपास भरते. सेलमधल्या धन प्लेटवर लेड डायऑक्साइड असते, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे असते आणि दोन्ही प्लेटा पाण्यात मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात.

बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर तयार होतो, आम्ल खर्ची पडते आणि त्याच्या जागी पाणी तयार होते. म्हणूनच उतरलेल्या बॅटरीतले द्रावण पातळ असते. चार्जिंग म्हणजे हीच क्रिया उलट्या दिशेने घडवणे: बाहेरून वीज पुरवायची, प्लेटांवरच्या सल्फेटचे पुन्हा शिसे आणि लेड डायऑक्साइड करायचे आणि आम्लाची तीव्रता पूर्ववत करायची. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर हे सल्फेट कठीण स्फटिकांच्या रूपात घट्ट बसते आणि मग चार्जर लावूनही ते सहजासहजी विरघळत नाही. उतरलेली बॅटरी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ठेवून देऊ नये, याचे कारण हे आहे.

धोका नेमका कोठून येतो, ते आता पाहू. प्लेटांवर रूपांतरासाठी भरपूर सल्फेट शिल्लक असते तोपर्यंत चार्जरकडून येणारी जवळजवळ सर्व वीज त्या कामात खर्च होते. बॅटरी साधारण ८० टक्के भरली की सल्फेट कमी पडू लागते, सेलचे व्होल्टेज चढत जाते आणि ते २.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे सबंध बॅटरीचे १४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचले, की जादा वीज द्रावणातल्या पाण्याचे विघटन करू लागते. ऋण प्लेटवर हायड्रोजन आणि धन प्लेटवर ऑक्सिजन सुटू लागतो. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीजवळ उभे राहिले तर या टप्प्यावर बारीक फसफस स्पष्ट ऐकू येते. चार्जिंगच्या सुरुवातीला ती जवळजवळ नसते. शेवटाकडे ती वाढत जाते.

हा वायू किती असतो, याचा हिशेब करता येतो आणि तो करून पाहण्यासारखा आहे. पूर्ण भरलेल्या सेलमधून एक अँपिअर प्रवाह तासभर वाहत राहिला, तर नेहमीच्या तापमानाला सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन तयार होतो. आता साठ अँपिअर-तासांची (अँपिअर-तास म्हणजे प्रवाह गुणिले तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) बॅटरी भरली आहे, पण आपोआप न थांबणारा चार्जर तिच्यात सहा अँपिअर प्रवाह ढकलतच आहे, असे समजा. सहा सेलमधून मिळून ताशी सुमारे १६ लिटर हायड्रोजन बाहेर पडेल. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणजे तासाभरातला हा वायू सुमारे ४०० लिटर हवा ज्वलनशील करायला पुरेसा आहे. बंद कपाट, जिन्याखालची कोंदट जागा किंवा लहानशी अडगळीची खोली यांचा विचार या आकड्याच्या संदर्भात करावा. हाच प्रवाह चार्जरने वेळीच अर्ध्या अँपिअरवर आणला, तर वायूचे प्रमाण ताशी सव्वा लिटरच्या जवळपास राहते आणि उघड्या, खेळत्या हवेत ते विरून जाते.

हायड्रोजनच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्या लागतात. त्याला रंग किंवा वास नसतो, त्यामुळे तो जमला आहे हे नाकाडोळ्यांना कळत नाही. शिवाय तो पेटायला फार मोठी ज्वाला लागत नाही. क्लिप टर्मिनलवरून सुटताना उडणारी बारीक ठिणगी किंवा कपड्यांतल्या स्थिर विजेची ठिणगीही पुरते. बॅटरीच्या आत, द्रावणाच्या वरच्या रिकाम्या जागेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही एकत्र असतात, त्यामुळे तिथला स्फोट जोरकस होतो. असा स्फोट झाला की प्लास्टिकचे कवच फुटते आणि तुकड्यांबरोबर आम्ल चहूकडे उडते. त्या वेळी माणूस बहुधा बॅटरीवर वाकलेला असतो, त्यामुळे सर्वात मोठा धोका डोळ्यांना असतो. चार्जिंगच्या सामानात डोळे बाजूंनीही झाकणारा सुरक्षा चष्मा मी चार्जरइतकाच आवश्यक मानतो. पुष्कळांना तो अतिरेक वाटतो, पण इथे काटकसरीला जागा नाही.

जागा आणि पूर्वतयारी

वायू वर जातो आणि पसरतो, हे लक्षात घेतले की जागा निवडणे सोपे होते. मोकळी पण पावसापासून आडोसा असलेली जागा उत्तम. आत करायचेच असेल तर दार आणि खिडकी दोन्ही उघडे राहतील अशी खोली हवी. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली आणि बंद कपाट ही ठिकाणे पूर्णपणे वर्ज्य समजावीत. गॅसवर चालणारा गीझर, देवापुढचा दिवा किंवा पेटती उदबत्ती, विजेची शेगडी यांपैकी काहीही जवळ नसावे. फ्रिज किंवा पंप आपोआप चालू-बंद होताना त्यांच्या स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. ती डोळ्यांना दिसत नसली तरी हायड्रोजनला पुरते, त्यामुळे अशी उपकरणेही दूर असावीत. मुले आणि पाळीव प्राणी तिथे पोहोचणार नाहीत, याची आधीच व्यवस्था करावी.

बॅटरी सपाट, भक्कम आणि न पेटणाऱ्या पृष्ठभागावर, शक्य तर प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये सरळ उभी ठेवावी, म्हणजे चुकून गळती झालीच तर आम्ल फरशीवर पसरत नाही. चार्जर कधीही बॅटरीच्या वर ठेवू नये. बॅटरीतून सुटणारे वायू आणि आम्लाचे सूक्ष्म तुषार सरळ त्याच्यात शिरतात; त्यातून ठिणगीचा धोका तर आहेच, शिवाय चार्जरच्या आतले भाग गंजतात. वायर जितकी लांब असेल तितका तो बाजूला ठेवावा. चार्जरच्या घरगुती विजेच्या बाजूकडे तेवढेच लक्ष हवे, कारण बारा व्होल्टचा झटका जाणवत नसला तरी भिंतीतल्या सॉकेटमधली वीज जीवघेणी असते. अर्थिंग असलेले सॉकेट, न तुटलेली वायर आणि कोरडी जमीन या तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय सुरुवात करू नये.

जोडणीपूर्वी बॅटरीकडे बारकाईने पाहावे. कवच फुगले असेल, त्याला तडा गेला असेल, कडेने ओल दिसत असेल किंवा टर्मिनल डगमगत असेल, तर ती बॅटरी चार्ज करण्यायोग्य राहिलेली नाही. अतिथंड प्रदेशांत आणखी एक काळजी घ्यावी लागते: पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले पातळ द्रावण शून्याखाली साधारण सात ते दहा अंश सेल्सिअसला गोठू शकते आणि गोठलेली बॅटरी चार्ज करणे अत्यंत धोकादायक असते. ती आधी उबदार जागी पूर्ण वितळू द्यावी आणि मग कवचाला तडा गेलेला नाही ना, हे पुन्हा पाहावे.

पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत द्रावणाची पातळी पाहण्यासाठी बुचे उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. या कामासाठी काडी किंवा मेणबत्ती वापरून स्फोट झाल्याची उदाहरणे जुनी आहेत, आणि आता त्याचे कारणही आपल्याला ठाऊक आहे. आत राखाडी प्लेटांच्या वरच्या कडा दिसतात. त्या द्रावणात बुडालेल्या असतील, तर चार्जिंगपूर्वी पाणी घालू नये, कारण चार्जिंग होताना द्रावणाची पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेला सेल बाहेर वाहू लागतो. कडा उघड्या पडलेल्या असतील, तर त्या जेमतेम झाकतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि चार्जिंग झाल्यावर उरलेली पातळी खुणेपर्यंत भरावी. नळाचे पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार आणि लोहाचे अंश प्लेटांना अपाय करतात. आम्ल तर मुळीच घालू नये. सेलमधून उडून जाते ते पाणी, आम्ल तिथेच राहते. चार्जिंगच्या वेळी बुचे उघडी ठेवायची की बंद, याबाबत उत्पादकाची सूचना पाळावी. काही बुचांत बाहेरची ज्वाला आत शिरू नये अशी सोय केलेली असते. सूचना हाताशी नसेल तर बुचे जागेवर बसवून त्यांची बारीक भोके मोकळी आहेत, एवढे पाहून घ्यावे.

चार्जर कोणता आणि प्रवाह किती

चार्जर निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: बॅटरीचे व्होल्टेज, बॅटरीचा प्रकार आणि प्रवाह. लहान दुचाक्यांत, विशेषतः जुन्या दुचाक्यांत, सहा व्होल्टची बॅटरी आढळते आणि ट्रकसारख्या वाहनांत २४ व्होल्टची व्यवस्था असते. बारा व्होल्टचा चार्जर सहा व्होल्टच्या बॅटरीला लावला, तर ती काही वेळातच उकळू लागेल. प्रवाहासाठी सर्वत्र रूढ असलेला अंदाज म्हणजे बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या एक दशांश. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीला सहा अँपिअर, पस्तीसच्या बॅटरीला साडेतीन, आणि दुचाकीच्या पाच अँपिअर-तासांच्या बॅटरीला फक्त अर्धा अँपिअर. मोटारीचा चार्जर दुचाकीच्या चिमुकल्या बॅटरीला लावणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. तिथे सहा अँपिअर म्हणजे योग्य प्रवाहाच्या बारा पट होतात.

वेळेचा अंदाजही यावरून बांधता येतो. साठ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल तर तीस अँपिअर-तास परत भरायचे असतात. काही ऊर्जा उष्णतेत आणि वायूत जाते, म्हणून प्रत्यक्षात पस्तीसच्या आसपास द्यावे लागतात. सहा अँपिअरने हे सुमारे सहा तास झाले. मात्र शेवटच्या टप्प्यात प्रवाह कमी होत जात असल्यामुळे पूर्ण भरायला आठ ते दहा तास सहज लागतात. घाईने जादा प्रवाह दिल्यास वेळ फारसा वाचत नाही. केवळ वायू आणि उष्णता वाढते.

बॅटरीचा प्रकार तिच्या कवचावर छापलेला असतो. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीखेरीज एजीएम बॅटरीत आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते, तर जेल बॅटरीत ते घट्ट जेलीसारखे असते. या बंद बॅटऱ्यांमध्ये सुटलेला ऑक्सिजन ऋण प्लेटपाशी परत वापरला जातो आणि नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू फारसा बाहेर येत नाही. परंतु व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले, तर ही सोय अपुरी पडते, सुरक्षा झडप उघडून वायू बाहेर पडतो आणि गेलेले पाणी परत घालायला मार्ग नसल्याने बॅटरीचे कायमचे नुकसान होते. जेल बॅटरीची मर्यादा सर्वांत कमी, साधारण १४.१ ते १४.२ व्होल्ट असते. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याची कळ असेल तर ती योग्य जागी आहे, हे पाहूनच पुढे जावे. लिथियम बॅटरी मात्र आकाराने तशीच दिसत असली तरी तिला शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर लावू नये. तिला तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर हवा.

आता बाजारात मिळणारे स्वयंचलित चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतात, मग व्होल्टेज १४.४ च्या आसपास स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी करतात आणि शेवटी १३.५ ते १३.८ व्होल्टवर केवळ देखभाल करतात. जुने, ट्रान्सफॉर्मरचे जड चार्जर मात्र प्रवाह ढकलतच राहतात. साठ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अशा चार्जरला सहा अँपिअरवर रात्रभर, दहा तास लावून ठेवली, तर सुमारे १२० मिलिलिटर पाणी वायू होऊन निघून जाते आणि त्याबरोबर दीडशे लिटरहून अधिक हायड्रोजन खोलीत येतो. असा चार्जर घरात असेल तर तो फक्त समोर जागे राहून, घड्याळ लावून वापरावा आणि रात्रभर तर कधीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणी आणि काढणी

बॅटरी गाडीतून काढायची असेल तर आधी इंजिन आणि सर्व दिवे बंद करावेत आणि बोटांतल्या अंगठ्या, धातूचे घड्याळ, कडे काढून ठेवावे. बहुतेक गाड्यांत ऋण टर्मिनल गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेले असते. त्यामुळे धन टर्मिनलचा नट आधी सोडवायला घेतला आणि पान्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर पान्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो, पाना क्षणार्धात तापतो, ठिणग्या उडतात. तीच गत मधे सापडलेल्या अंगठीची होते आणि बोट खोलवर भाजते. ऋण टर्मिनल आधी सुटे केले की सांगाड्याचा बॅटरीशी संबंध तुटतो. मग धन टर्मिनल सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तरी काही होत नाही. म्हणून काढताना ऋण आधी, परत बसवताना धन आधी. हे नियम त्या एका पान्याच्या मार्गावरून आलेले आहेत.

चार्जर जोडताना तो भिंतीच्या सॉकेटवर बंद असला पाहिजे. लाल क्लिप धन टर्मिनलला, मग काळी क्लिप ऋण टर्मिनलला, दोन्ही हलवून घट्ट बसल्याची खात्री, आणि त्यानंतरच भिंतीवरचा स्विच चालू. टर्मिनलवरील अधिक आणि उणे खुणा वाचूनच क्लिप लावावी, वायरच्या रंगावर विसंबू नये, कारण दुरुस्तीत वायरींचे रंग बदललेले असू शकतात. बॅटरी गाडीत ठेवूनच चार्ज करायची असेल आणि गाडीच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल, तर काळी क्लिप ऋण टर्मिनलवर न लावता बॅटरीपासून आणि इंधनाच्या नळ्यांपासून दूर, इंजिनच्या किंवा सांगाड्याच्या रंग नसलेल्या धातूवर लावावी. ठिणगी उडालीच तर ती वायूपासून दूर उडावी, हा त्यामागचा हेतू आहे. अनेक नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर बॅटरीचा हिशेब ठेवणारा सेन्सर असतो. क्लिप सांगाड्यावर लावली की त्याचीही नोंद बरोबर राहते. बॅटरी आसनाखाली किंवा डिकीत असेल तर गाडीची दारे उघडी ठेवावीत.

चार्जिंग संपल्यावर क्रम नेमका उलटा असतो आणि लेखाच्या सुरुवातीला म्हटलेला धोक्याचा क्षण तो हाच. सेलमध्ये आणि बॅटरीच्या वरच्या हवेत आता सर्वाधिक वायू आहे. अशा वेळी चालू चार्जरची क्लिप ओढली, तर वाहता प्रवाह तुटताना ठिणगी हमखास पडते, आणि तीही नेमकी बुचांच्या शेजारी. म्हणून प्रथम भिंतीवरचा स्विच बंद करावा, मग थोडा वेळ थांबून खोलीत हवा खेळू द्यावी, नंतर काळी आणि शेवटी लाल क्लिप काढावी. वायू सुटणे चार्जर बंद केल्याबरोबर थांबत नाही. प्लेटांत अडकलेले बुडबुडे पुढेही काही वेळ वर येत राहतात. बॅटरी वाहनात परत बसवण्याची घाई त्यामुळेच करू नये.

चार्जिंग चालू असताना

दर तासा-दोन तासांनी एक फेरी मारावी. कवच हाताला कोमट लागणे स्वाभाविक आहे. पण हात ठेवणे अशक्य होण्याइतके ते तापले असेल, म्हणजे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर गेले असेल, तर चार्जिंग थांबवून बॅटरी निवू द्यावी. बॅटरी तापली की ती त्याच व्होल्टेजला अधिक प्रवाह ओढते, अधिक प्रवाहाने अधिक तापते, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. बंद बॅटऱ्यांत हे विशेष घातक ठरते. उन्हाळ्यात हे लवकर घडते, म्हणून चांगले चार्जर हवामान तापलेले असताना व्होल्टेज किंचित कमी ठेवतात. दहा अंशांच्या फरकाला बारा व्होल्टच्या बॅटरीत हे प्रमाण साधारण ०.२ व्होल्ट असते.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि बॅटरी आतून बिघडली आहे किंवा फार जास्त चार्ज होत आहे, याची ती खूण असते. हा वायू विषारी आहे आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बोथट होऊन वास येईनासा होतो, म्हणून वास कमी झाला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. जवळ न जाता शक्य असेल तर मुख्य स्विचवरून वीज बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे.

बॅटरीतले द्रावण वजनाने सुमारे ३५ टक्के सल्फ्युरिक आम्ल असते. ते त्वचेवर पडले तर तिथले कपडे काढून टाकून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवावे. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा ते वीस मिनिटे सौम्य वाहत्या पाण्याने धुवावे, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धुता धुता काढाव्यात आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी उपयोगी आहे, फेस येणे थांबेपर्यंत तो टाकावा. डोळ्यांत किंवा त्वचेवर मात्र फक्त पाणीच वापरावे. चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण परत वर येणारे आम्ल अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. पाण्याची बादली किंवा नळी जवळ असणे हे काम सुरू करण्याआधी पाहायचे, नंतर नव्हे. काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये, कारण टर्मिनलवरच्या पांढऱ्या भुकटीत आणि धुळीत शिसे असते.

बॅटरी खरोखर भरली का

चार्जर काढल्याबरोबर मल्टिमीटर लावला तर तो १३ व्होल्टहून अधिक दाखवील, पण तो प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज असतो. बॅटरी काही तास, शक्य तर रात्रभर, तशीच राहू द्यावी आणि मग मोजावे. १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे साधारण एक चतुर्थांश. एजीएम बॅटरीचे आकडे याहून किंचित वर असतात. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक सेलच्या द्रावणाची विशिष्ट घनता मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते: भरलेल्या सेलमध्ये ती १.२६५ ते १.२८ च्या दरम्यान येते. पाच सेल १.२६ च्या पुढे आणि एकच सेल १.१५ वर अडकला असेल, तर दोष त्या एका सेलमध्ये आहे.

हा एका सेलचा दोष अधिक लक्ष देण्यासारखा आहे. पूर्ण चार्ज केल्यावरही विश्रांतीनंतर व्होल्टेज १०.५ च्या आसपासच दिसत असेल, तर सहापैकी एक सेल आतून जोडला जाऊन निकामी झाल्याची शक्यता मोठी असते, कारण १२.६ मधून एका सेलचे २.१ वजा केले की हाच आकडा येतो. चार्जरला हे कळत नाही. तो १४.४ व्होल्ट गाठायचा प्रयत्न करत राहतो आणि ते आता पाचच सेलमध्ये वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ २.९ व्होल्ट येतात. वायू सुटण्याची मर्यादा २.४ होती, हे आठवले तर त्या पाच सेलमध्ये काय चालले असेल, ते लक्षात येईल. स्वयंचलित चार्जर अशी किंवा अतिशय उतरलेली बॅटरी पाहून चार्जिंग सुरूच करत नाही, तेव्हा तिला समांतर दुसरी चांगली बॅटरी जोडून चार्जरला फसवण्याची युक्ती सांगितली जाते. चार्जर नकार देतो तो बहुधा योग्य कारणासाठी, म्हणून घरी तरी ही युक्ती करू नये. बॅटरी जाणकाराकडून तपासून घ्यावी.

भरलेली बॅटरी गाडीत न बसवता दोन-तीन दिवसांत १२.४ च्या खाली घसरली, तर ती चार्ज धरत नाही आणि बदलायला झाली आहे. गाडीबाहेर व्होल्टेज टिकते, पण गाडीत बसवल्यावर काही दिवसांत पुन्हा उतरते, असे असेल तर गाडी बंद असतानाही वीज खाणारे काही उपकरण किंवा नीट चार्ज न करणारा अल्टरनेटर (इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारे जनित्र) शोधावा लागतो. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. निकामी ठरलेली बॅटरी घरात किंवा कचऱ्यात ठेवू नये. ती सरळ उभी, ट्रेमध्ये ठेवून, टर्मिनलांवर टोप्या किंवा चिकटपट्टी लावून, जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्रात पोहोचवावी. तिथून तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते.